आरशाने वगळलेली

१

यीमोनचा दिवस सासूच्या गालांपासून सुरू व्हायचा. तनाख्याचं खोड सहाणेवर पाणी घालून उगाळायचं, तो पिवळसर लेप आधी स्वतःच्या तोंडाला फासायचा आणि मग दोन बोटांनी म्हातारीच्या सुरकुतलेल्या गालांवर गोल काढायचे. तेवढ्यापुरता सासू, दॉ फ्यू, तोंडातला चिरूट बाजूला काढायची. बोलणं मात्र थांबायचं नाही.

"डाव्या गालाला जाड झालंय."

"नाही झालं, अमे."

"झालंय. मला जड लागतंय. एक गाल जड झाला की माणूस वाकडं चालतं."

"तुम्ही सरळ कधी चालला होतात?"

म्हातारी खूश होऊन फुरफुरायची आणि वेताच्या आरामखुर्चीत मागे रेलायची. खुर्ची करकरायची. दुकान उघडलं, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या करकरीवरून कळायचं.

मंडालेच्या त्या गल्लीत काचकाम करणारेच सगळे. कुणी पॅगोड्याच्या खांबांवर लावायचे आरशाचे तुकडे कापायचं, कुणी चौकटी करायचं. काचेला चांदी चढवणारं दुकान यीमोनचं. आधी ते सासऱ्याचं, मग नवऱ्याचं, सोमिनचं. सोमिन तापानं गेला. तेव्हा लोकांना वाटलं, सून आता माहेरी जाईल आणि म्हातारी मठाच्या आश्रयाला. दोघींनीही तसं काही केलं नाही. एकमेकींच्या उरावर बसायला दोघीच उरल्या होत्या, आणि ती जागा सोडायची कुणाचीच तयारी नव्हती.

त्या सकाळी भिंतीला टेकून एक नवा आरसा उभा होता. गल्लीबाहेरच्या दॉ खिनच्या मुलीच्या लग्नातल्या कपाटासाठी. काच जुनी, नदीकाठच्या भंगारवाल्याकडून आणलेली, जाड, कडेला हिरवट झाक असलेली. अशी काच आता मिळत नाही म्हणून यीमोननं घासाघीस न करता उचलली होती. आदल्या दिवशी तिनं ती लाल पुडीनं घासली, कथलाच्या पाण्यानं धुतली, पाटावर सपाट ठेवून तिच्यावर चांदीचं पाणी आणि साखरेचा पाक ओतला. पाणी चहासारखं झालं, मग काळं, आणि काळ्याच्या पोटातून हळूहळू उजेड वर आला. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी यीमोनचा श्वास अडकायचाच. पाठीला लाल रंगाचा हात देऊन तिनं तो रात्रभर वाळत ठेवला होता.

आता तिनं ओल्या फडक्यानं पुढची बाजू पुसली आणि मागे सरून पाहिलं.

सुरेख उतरला होता. दार दिसत होतं, दारातून गल्ली दिसत होती. मांडणीवरच्या बाटल्या, खिडकी, ती स्वतः, तिच्यामागे वेताची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं चौकड्याचं कापड. शेजारच्या स्टुलावर बशीत चिरूट, त्याचा धूर सरळ वर चाललेला.

खुर्चीत कुणी नव्हतं.

"काय गं, तोंड का उघडं?" मागून दॉ फ्यूचा आवाज आला.

यीमोन वळली. म्हातारी खुर्चीतच होती.

२

कोन चुकला असेल. यीमोननं पहिल्यांदा हेच ठरवलं. आरसा जरा तिरका असला तर जवळचं माणूस गिळून लांबची भिंत दाखवतो. तिनं आरसा सरळ केला. मग जुनी काच. जुन्या काचेत पोटाला लाट असते, लाटेत वस्तू लपते. ती डोकं डावीउजवीकडे हलवत पाहत राहिली. लाट कुठेच नव्हती. मग चांदीच्या पाण्याचा तो झणझणीत वास. त्यानं डोळ्यांत पाणी येतं, काहीबाही दिसतं. ती बाहेर जाऊन डोळे धुऊन आली.

खुर्ची रिकामीच.

"उशी सरकली का, बघू," असं म्हणत ती खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि सासूच्या खांद्यावर हात ठेवला. हाताखाली हाड लागलं, ऊब लागली. समोर आरशातल्या बाईचा हात खुर्चीच्या वर, हवेत थांबलेला होता. बोटं किंचित वाकलेली. कशावर तरी टेकल्यासारखी.

"उशी केव्हाची नीटच आहे," दॉ फ्यू म्हणाली. "तुझा हात गार का?"

"पाण्यात होता."

दुकानात आणखी आरसे होते. पलीकडच्या भिंतीवरचा छोटा, दाढीचे गोल, चौकटीविना रांगेत लावलेले. त्या सगळ्यांत म्हातारी होती, तंबाखूची थुंकी गिळणारी, भुवया उंचावलेली. एकाही आरशाला तिच्याबद्दल तक्रार नव्हती. फक्त या एकाला.

यीमोननं त्याच्यावर पोतं टाकलं आणि दिवसभर दुसरी कामं केली. पोत्याकडे ती पाठ करून बसली. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की आज आपण खुर्चीच्या करकरीकडे कान लावून बसलो होतो. करकर थांबली, की आपला हात थांबत होता.

३

दुसऱ्या दिवशी तिनं पोतं काढलं, कारण कारागिरानं आपल्या हातच्या मालाला घाबरणं तिला पटेना.

आता बशीतला चिरूटही नव्हता. बशी होती, धुतलेली, पालथी. खुर्चीच्या पाठीवरचं कापड घडी करून ठेवलेलं. मागे प्रत्यक्षात ते तसंच लोंबत होतं आणि म्हातारी त्यावर डोकं टेकून मोहिंग्याच्या वाडग्यात माशाच्या रश्शातल्या शेवया चिवडत होती.

पुढच्या दिवशी दाराशी काढलेल्या तिच्या चपला आरशात दिसेनात. मग दोरीवरची तिची नेसायची लोंजी. मग पानसुपारीचा डबा. कुणीतरी तिकडे आवराआवर करत होतं. घाई नव्हती, धसमुसळेपणा नव्हता. घरातलं माणूस गेलं की त्याच्या वस्तू जशा एकेक करून उचलतात, तशी ती आवराआवर होती. आणि तिकडची खोली, यीमोनला कबूल करावं लागलं, चांगली दिसत होती. मोकळी, उजेडाची. त्या खोलीत उभी असलेली यीमोनही चांगली दिसत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं नव्हतं. रात्री कुणाच्या खोकल्यानं जाग येत नसलेल्या बाईचा चेहरा होता तो.

त्या चेहऱ्याकडे ती नको तितका वेळ पाहत राहिली. मग स्वतःचीच शरम वाटून तिनं पोतं खाली ओढलं.

इकडे दॉ फ्यूनं खाणं टाकायला सुरुवात केली होती. आधी अर्धा वाडगा, मग नुसतं पाणी. "माशाला चव नाही," म्हणायची. मग "माझ्या तोंडाला नाही," म्हणायची. खोकलाही बारीक झाला. दुपारी ती खुर्चीत हलली तरी खुर्ची करकरेना.

शेजारचा को थेत काच कापायचा. लहानपणापासून एकाच गल्लीत वाढलेला. यीमोननं त्याला बोलावलं, काही न सांगता पोतं काढलं आणि म्हटलं, "बघ कसा उतरलाय."

"झकास," तो म्हणाला. मग त्यानं आरशात पाहूनच म्हातारीला हाक मारली, "काय अफ्वा, आज गप्प—" आणि तो वळला. पुन्हा आरशाकडे वळला. त्याच्या हातातली काचकापणी खाली पडली.

दोघं गल्लीत येऊन उभे राहिले.

"फोड तो," को थेत म्हणाला. "नाहीतर मी फोडतो."

"आणि तुकडे?"

"तुकड्यांचं काय?"

"तू आयुष्यभर तुकडेच करतोस ना? मोठ्या आरशाचे शंभर केलेस, तर त्यात माणूस एकदा दिसतं की शंभरदा?"

को थेतनं शेजारच्या आपल्या दाराकडे नजर टाकली, जिथे पॅगोड्यासाठी कापलेले तुकडे टोपल्यांत चमकत होते.

"म्हातारीला सांगितलंस?"

"मेल्यावर सांगेन," यीमोन चिडून म्हणाली, आणि लगेच तिनं जीभ चावली.

४

सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तनाख्याची वाटी घेऊन ती आत आली, तर पोतं जमिनीवर पडलेलं आणि दॉ फ्यू भिंतीचा आधार घेत आरशासमोर उभी. नाक काचेला लागेल इतक्या जवळ. काचेत तिच्या पाठीमागची खोली स्वच्छ दिसत होती.



"म्हणून तू दिवसभर पोत्याकडे पाठ करून बसतेस होय," म्हातारी म्हणाली. तिनं जीभ बाहेर काढली. डोळे वटारले. काचेवर फुंकर मारली. वाफेचा डाग उमटला आणि विरला. "श्वास घेतो माझा. तोंड घेत नाही. उर्मट मेला."

"अमे, चला, बसा. मी हा परत—"

"कुठं परत? भंगारवाल्याला? म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी?" तिनं भिंतीचा आधार सोडला नाही आणि काचेवरची नजरही. "माझ्या लग्नात घरात आरसा नव्हता. पितळेचं ताट चिंचेनं घासून त्यात तोंड पाहिलं मी. पुढे पंधरा वर्षं मचाणावर बसून पॅगोड्याच्या भिंतीला नखाएवढे आरसे चिकटवले. त्या एकेकात मी आहे. जा, बघून ये. आणि हा कोण कुठला उपटसुंभ मला नाही म्हणणार?"

"तुमची तब्येत ठीक नाही, अमे. याच्यामुळेच असेल."

"असेल. याच्यामुळे असेल, वयामुळे असेल, तुझ्या मोहिंग्यामुळे असेल. खुर्ची आण."

"कुठे?"

"इथं. याच्या तोंडासमोर. मी काय मागच्या दारानं निघून जाणारी बाई आहे?"

यीमोननं खुर्ची ओढून आरशासमोर ठेवली. म्हातारी बसली, आणि त्या दिवसापासून ती तिथून उठेना. चिरूट ओढायची ताकद नव्हती, तरी पेटवून हातात धरायची. आरशाला शिव्या द्यायची. आवाज दिवसेंदिवस उतरत गेला. शिव्या मात्र वाढतच गेल्या.

५

दॉ खिन मुलीला घेऊन आरसा न्यायला आली ती याच दिवसांत. भरजरी लोंजी, केसांत जाईचा गजरा, मागे हातगाडीवाला. मुलगी लाजरी होती. म्हातारीची खुर्ची जराशी बाजूला सरकवून आरशासमोर तिला उभी केली, तशी ती खुलली.

"वा! यात तर माझी पोर राणी दिसतेय गं," दॉ खिन म्हणाली आणि लेकीच्या गळ्यातली साखळी नीट करायला पुढे झाली.

यीमोन आरशाच्या बाजूला उभी होती. तिला आरशात मुलगी दिसत होती. मुलीच्या गळ्यातली साखळी आपली आपणच सरळ होताना दिसत होती. साखळीशी दॉ खिनचा हात नव्हता.

दॉ खिनला स्वतःकडे पाहायचं सुचलंच नव्हतं. मुलीची आई होती ती. ती मुलीकडे पाहत होती.

"हा आरसा देता येणार नाही," यीमोन म्हणाली.

"काय?"

"चांदी बसली नाही. पोपडा सुटेल."

"अगं, लखलखतोय की! लग्न तोंडावर आलंय आणि आता नखरे? कुणी जास्त देतंय का?"

"मी दुसरा करून देईन. नवी काच, माझ्या पदरची. हा नाही मिळणार."

"गल्लीत तू एकटीच नाहीस, कळलं? नवऱ्याच्या माघारी लोकांनी तुझ्याकडे कामं टाकली ती दया म्हणून."

यीमोनची कानशिलं तापली. पण ती आरसा आणि दॉ खिन यांच्या मधे जाऊन उभी राहिली. "मुलीला बाहेर न्या, दॉ खिन. आणि तिचा हात धरून न्या."

तिच्या चेहऱ्यात काय होतं कोण जाणे. दॉ खिननं खरंच मुलीचा हात धरला आणि बडबडत निघून गेली.

खुर्चीतून बारीक आवाज आला. "आता काढ त्याची चांदी."

६

चढवलेली चांदी उतरवता येते. पाठीचा रंग पात्यानं खरवडायचा, मग तेजाबात भिजवलेला बोळा फिरवायचा. चांदी काळवंडते, ओघळते, आणि आरशाची पुन्हा काच होते. यीमोन हे नेहमी आरसा पालथा घालून करायची.

"उभाच ठेव," दॉ फ्यू म्हणाली. "मला बघायचंय."

भर सकाळ होती. को थेतनं आरसा खोलीच्या मधोमध लाकडी घोडीत उभा बसवला. म्हातारीची खुर्ची त्याला इतकी जवळ सरकवली, की तिचे गुडघे काचेला लागले. पाण्याच्या बादल्या भरून को थेत दाराशी जाऊन थांबला. त्याला आत राहवेना आणि जाववेनाही. यीमोननं नाकातोंडाला फडकं बांधलं, आरशाच्या मागे बसली आणि पातं उचललं.

लाल रंग सोलपटत गेला. मग तिनं चिमट्यात धरलेला बोळा वरच्या कोपऱ्यावर फिरवला. तांबूस धूर निघाला. चांदीत भोक पडलं, भोकाची खिडकी झाली.

त्या खिडकीतून तिला पलीकडची मांडणी दिसली. सरळ, साधी, जशी काचेपलीकडची दिसावी तशी. तिला हायसं वाटलं. तिनं बोळा खाली आणला. दाराची चौकट मोकळी झाली. मग खुर्चीची पाठ.

खुर्ची रिकामी होती.

आता हा आरसा नव्हता. इथे कोन नव्हता, लाट नव्हती, उलटसुलट काही नव्हतं. ती नुसती काच होती, आणि काचेपलीकडे हातभर अंतरावर बसलेली बाई तिथे नव्हती. घडी घातलेलं कापड मात्र होतं.

"अमे?"

खुर्ची करकरली नाही. दाराशी को थेत डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता, बहुधा प्रार्थना.

डोकं जरासं बाजूला काढून काचेच्या कडेवरून पाहायचं, इतकंच बाकी होतं. यीमोनला ते जमेना. तिथेही खुर्ची रिकामी असली तर? मग ते खरंच होणार होतं. तिच्या मनात आलं, की बोळा टाकावा, उठावं, पाठ फिरवून गल्लीत चालू लागावं. कुणी नावं ठेवणार नव्हतं. मोकळी खोली, उजेड, रात्रीची सलग झोप.

आणि तेवढ्यात काचेतून तिला दिसलं, की पलीकडे कुणीतरी आहे. खुर्चीमागे उभी असलेली बाई. अंगात यीमोनचीच निळी कुडती. ती खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून खाली वाकली होती, बसलेल्या माणसाच्या कानाशी वाकावं तशी. तिचा चेहरा दिसत नव्हता, केस दिसत होते. मग ती हळूहळू मान वर करू लागली.

"नाही," यीमोन म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. "ती माझी आहे. कटकटी आहे, खोकते, रात्र रात्र झोपू देत नाही. तरी माझी आहे. तुला काय करायचंय?"

तिनं डोळे गच्च मिटले आणि डावा हात काचेच्या कडेवरून पलीकडे घातला. हात हवेत फिरला. काही लागलं नाही. तिनं खांद्यापर्यंत हात आत लोटला, काचेची कड काखेत रुतली.

"अमे, हात द्या!"

काहीच नाही. मग हाडकुळी, कोरडी, गरम बोटं तिच्या मनगटाला अशी आवळली, की नखं रुतली.

यीमोननं डोळे उघडले. काचेतून तिला तिचा हात दिसत होता, रिकाम्या खुर्चीवर ताणलेला, काहीही न धरता. मनगटाला मात्र नखं रुतत होती. तिनं मनगटावर विश्वास ठेवला आणि बोटांनी पलीकडचं, न दिसणारं मनगट गच्च धरलं. उजव्या हातात चिमटा होता. ती पुसत राहिली. तेजाब हातावर उडालं, चटका बसला, तिनं पुसणं थांबवलं नाही. चांदी काळी होऊन ओघळत होती. पलीकडच्या बाईची हनुवटी दिसू लागली होती; यीमोननं तिच्याकडे नाही, बोळ्याकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात बोटभर चांदी उरली. तिनं बोळा दाबून फिरवला.

खुर्ची कर्रकन करकरली.

"मनगट मोडशील माझं," दॉ फ्यू म्हणाली.

७

म्हातारीनं त्या दिवशी दोन वाडगे मोहिंगा खाल्ला आणि मासा शिळा असल्याची तक्रार केली. को थेत तिच्यासमोर उकिडवा बसून रडत होता आणि हसत होता.

म्हातारीनं काचेच्या पुढून काय पाहिलं, हे यीमोननं बरेच दिवस विचारलं नाही. एकदा तनाखा लावता लावता विचारलं.

"तू होतीस," दॉ फ्यू म्हणाली. "फार गोड बोलत होतीस. 'दमलात अमे, उठा, मी नेते,' म्हणत होतीस. तू इतकं गोड माझ्याशी जन्मात बोलली नाहीस. तेव्हाच ओळखलं."

"मग?"

"मग काय? नाही उठले."

काचेचं काय करायचं, यावर वाद झाला. को थेत म्हणाला, इरावतीत बुडवू. पण नदीतलं भंगार काढणारी माणसं असतात, आणि ती भंगारवाल्यालाच विकतात. शेवटी दॉ फ्यूनं निर्णय दिला, की नजरेसमोर असलेलं बरं. यीमोननं ती काच दुकानाच्या दर्शनी खिडकीत बसवली. दिवसा तिच्यातून गल्ली दिसते, टोपल्या दिसतात, अनवाणी जाणारे भिक्खू दिसतात. दुसऱ्या कुठल्याही काचेसारखी काच.

फक्त तिन्हीसांजेला जरा बघावं लागतं. बाहेर अंधारलं आणि आत दिवा लागला, की कुठलीही काच थोडीफार आरसा होतेच. त्याला कुणाचा इलाज नाही.

तेव्हा यीमोन काम आवरते आणि आपलं स्टूल खुर्चीला खेटून ठेवते. दोघी खिडकीकडे तोंड करून बसतात. काचेत आधी दिवा उमटतो. मग मांडणी. मग दार. मग एका बाईचा चेहरा, बिनसुरकुतीचा, झोप झालेला.

"पडदा ओढू का, अमे?"

"कशाला?" दॉ फ्यू चिरूट पेटवते आणि धूर नेमका काचेवर सोडते. "येतोय तर येऊ दे. मी बसलेय."